चिंचेच्या पाण्यातले ब्रेक

अहो,

"हिच्यामुळे ब्रेकला आमटीचा वास मारतोय," असं गाडीखाली पडल्या पडल्या तुम्ही पुटपुटलात. मी शेजारीच तांदूळ निवडत होते. मारू दे. लष्कराच्या लिलावातून आणलेल्या त्या भंगार गाडीचा गंज तुमच्या काचपेपरने निघेना, तो माझ्या चिंचेच्या पाण्याने निघाला. ब्रेकचे दांडे धुऊन, वाळवून, शिवणयंत्राचं तेल लावून ओसरीवर ठेवले आहेत. ड्रमला आतून तेल लावलेलं नाही. तिथे लागलं तर ब्रेक धरत नाही, हे तुमच्याकडूनच शिकले. भंगार घेतलं म्हणून हसणाऱ्या राहुरीकरांनी आता येऊन बघावं, तुम्ही गाडी कशी उभी केलीत ते!

भाकरी शिंकाळ्यात आहे. मी सकाळच्या मोटारीने नगरला जाते आहे, माझ्या भावाला, शामकांतला आणायला. रविवारी आपल्या लीनाला बाळंतपणासाठी सोनईहून आणताना गाडी तो चालवील. रागावू नका. लख्ख झाला म्हणून तुम्ही बाजूला ठेवलेला दांडा अजून गंजाने लाल होता. मी गुपचूप पुन्हा भिजवला. ही चिठ्ठी एवढ्या मोठ्या अक्षरांत का, ते तुम्ही विचारणार नाही, आणि मीही आजवर बोलले नाही.

तुम्हांला नीट दिसेनासं झालंय हो.