निकाल अडकलेली पिशवी

प्रिय नूरी,

बतूल अजून बाळाला बघायला का आली नाही, असं तू विचारत होतीस म्हणे. ऑफिसचं टेन्शन आहे, असं मी अम्मीला सांगितलं. खरं म्हणजे एकदा खारघरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत येऊन परत फिरले. फोनवर हे बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय.

महापेला आमची कंपनी रक्तपेढ्यांच्या नोंदी सांभाळते, तुला माहीतच आहे. कुठली पिशवी कुठल्या गटाची, तपासणीत रक्त चांगलं निघालं की नाही, सगळं आमच्या डेटाबेसमध्ये. त्या सोमवारी सकाळी पोचले तर प्रत्येक स्क्रीनवर खंडणीची धमकी. कुणीतरी आत शिरून सगळा डेटा लॉक केला होता. अरविंद सर म्हणाले, "घाबरू नका, बॅकअप आहे." होता ना. रोज न चुकता घेतलेला, पण त्याच नेटवर्कवर, त्यामुळे तोही लॉक. बाहेर ठेवलेली एक जुनी प्रत होती. ती रिस्टोअर करून नोंदी परत येतात का, हे कधी कुणी बघितलंच नव्हतं. सर रिस्टोअर करायला बसले, ते अर्ध्यावर अडकलं. त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी बघितला नव्हता.

फोन तर थांबतच नव्हते. त्यातला एक रक्तपेढीच्या सितारामचा. "मॅडम, एक बाळंतीण टेबलवर आहे, रक्त थांबत नाही. पिशवी माझ्या हातात आहे, पण निकाल तुमच्याकडे अडकलाय. देऊ की नको?" मी म्हटलं, "देऊ नका. पुन्हा तपासा." तो ओरडला, "तोवर ती गेली तर?" मी पुन्हा तेच म्हटलं आणि फोन ठेवला. मग मोबाईल बघितला, तर तुझ्या नौमानचे मिस्ड कॉल.

आता नव्या बॅकअपचं काम माझ्याकडे आहे. एक प्रत बेलापूरच्या ऑफिसात, नेटवर्कपासून तोडून. आणि दर महिन्याला ती रिस्टोअर करून बघायचीच. सर म्हणाले, एवढं कशाला? मी म्हटलं, तसं करणार नसू, तर बॅकअप आहे असं मी कुणाला सांगणार नाही. काल पहिल्यांदा करून बघितलं. नोंदी परत दिसेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. सगळ्या आल्या. तरी रात्री झोप लागली नाही.

नूरी, ती बाळंतीण तू होतीस. तुला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या हे मला माहीत नव्हतं. आणि ती पिशवी चांगली होती गं, दुसऱ्या तपासणीत कळलं. तेव्हाच दिली असती तर तुला आयसीयूत जावं लागलं नसतं कदाचित. तू आहेस हे कळलं असतं तर मी काय म्हटलं असतं, माझं मलाच सांगता येत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. नौमान सितारामविरुद्ध तक्रार करणार आहे, असं अम्मी काल म्हणाली. त्याला थांबव. सितारामने रक्त अडवलं नाही, मी अडवलं. हे वाचून झालं की नौमानला दे, आणि मला फोन कर. रागावलीस तरी कर.

तुझीच,
बतूल