पट्टी नसलेलं भांडं

हॅल्स्टन, मिनेसोटा
२२ जानेवारी १९६२

ती. गुड्रूनताईस,
सिग्नेचा शि. सा. न. वि. वि.

तुझी तार पोचली. बर्फाने गाड्या बंद पडल्या, त्याला तू तरी काय करणार? मनाला लावून घेऊ नकोस. सेल्मरला आम्ही नीट पोचवलं. तीस वर्षं चर्चच्या तळघरात मी दुसऱ्यांच्या मयतीचं जेवण वाढलं; या वेळी माझ्याच नवऱ्याची मयत, तर बायकांनी मला खुर्चीत बसवलं. जरा उठायला गेले की इर्मा दटावायची, की आज तू गप बसून जेवायचं. किती केलं गं सगळ्यांनी माझ्यासाठी!

साय घालून जिलेटिनने थिजवलेला अननसाचा गोड गार भातच पाच भांडी होता. सहावं भांडं कुणीतरी मागच्या पायरीवर ठेवून गेलं. त्यातलं जिलेटिन धरलंच नव्हतं. भात, साय सगळं पातळ, वरच्या चेरी तळाला. बायका हसल्या आणि भांडं ओट्याखाली सारलं. मी ते घरी घेऊन आले. बुडाला इतरांसारखी मालकिणीच्या नावाची पट्टी नाही, मग परत कुणाला करू? रोज थोडा खाते. दुसरं काही घशाखाली उतरत नाही, हा उतरतो.

घर विकून तुझ्याकडे यावं हे मलाही पटतंय. समोर एकच घर, लुडमिला पाव्हलिकचं, आणि तिच्याशी नऊ वर्षं अबोला. दिवसभर बोलायचं कुणाशी?

तुझा लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी,
सिग्ने


सेलम, ओरेगन
३० जानेवारी १९६२

चि. सिग्नेस अनेक आशीर्वाद.

तुझ्यासाठी उन्हाची खोली रंगवून घेतली आहे. घराला गिऱ्हाईक बघायला लाग.

बाकी, तीस वर्षं भात करतेस आणि तुला कळू नये? ताजा अननस घातला की जिलेटिन जन्मात धरत नाही, डब्यातलाच लागतो. तुमच्या तळघरातली कुठलीच बाई ही चूक करणार नाही. म्हणजे करणारी तुमच्यातली नव्हेच. आणि भर जानेवारीत ताजा अननस आणायचा तर मिनिआपोलिस गाठायला हवं. शोध बाई, कुणाला तुझा एवढा कळवळा आहे ते.

डोक्याला बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. माया आहेच, वेगळी काय लिहू?
गुड्रून


हॅल्स्टन
११ फेब्रुवारी १९६२

ती. ताईस शि. सा. न.

सापडली! तुझं पत्र वाचून खिडकीशी उभी राहिले, तर लुडमिलाच्या खुराड्यापाशी बर्फात अननसाचा हिरवा शेंडा. कोंबड्या टोचत होत्या.

तुला आठवत असेल, तिच्या बदकांनी माझे वाटाणे फस्त केले, तेव्हा मी भर रस्त्यात ओरडले होते, की तुझ्या घरचं काहीही माझ्या अंगणात दिसता कामा नये. तिने ते नऊ वर्षं पाळलं. पट्टी का नव्हती ते तेव्हा कळलं. फार लाज वाटली गं.

मग मी डब्यातल्या अननसाचा भात केला, तिच्याच भांड्यात भरला आणि रस्ता ओलांडला. भांडं बघून ती रडायलाच लागली. म्हणाली, की आम्ही कॅथलिक, तुमच्या प्रोटेस्टंट चर्चात पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून पायरीवर ठेवलं. सेल्मर दर हिवाळ्यात मला न सांगता तिच्या फाटकातला बर्फ उपसून द्यायचा म्हणे. असल्या माणसाच्या जेवणात डब्यातलं कसं घालायचं, म्हणून बाई बसने शहरात गेली. जिलेटिनचं मी समजावलं, तर मलाच म्हणते कशी, की तुझा भात इतका घट्ट आहे की भिंतीला थापावा! सेल्मर गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

ताई, तू खोली रंगवलीस, तुझे उपकार विसरणार नाही. पण मी येत नाही. जूनमध्ये तूच ये.

निघताना तिच्या भांड्याच्या बुडाला मी पट्टी चिकटवली आणि ठळक अक्षरांत तिचं नाव लिहिलं. आज सकाळी ते भांडं माझ्या पायरीवर होतं, पट्टीसकट, काठोकाठ भरलेलं. पुन्हा ताजाच अननस, आणि भात पुन्हा पातळच. वाटीला तोंड लावून पितेय.

रागावू नकोस, जीव लावत राहा.
तुझी, इथेच राहणारी,
सिग्ने