जनरेटर ओढायले कोणती गाडी

३ नोव्हेंबर
झालं! आज पुन्हा तेच. जऊळक्याहून मांडवाचे पाइप भरून, मागं जनरेटरची ट्रॉली जोडून बाबा अन् मी येत होतो. चढावर आपली जुनी पिकअप बसली. उतरून चाकामागं दगड मीच लावला. बाबा म्हणतात, "इले काय धाड भरली? दम घेऊन राह्यली जराशी."

दम घेऊन राह्यली म्हणे! मांडव-बिछायतीचा धंदा आपला. बावीस तारखेले आसेगावले या लग्नसराईतलं पहिलं लग्न. मांडव वेळेवर पोचला नाही तर लोक जोड्यानं मारतील! लायसन माझ्याकडेही आहे, पण बाबा स्टिअरिंग सोडतील तर शपथ.

बावीसच्या आत दुसरी पिकअप. बस्स.

६ नोव्हेंबर
मी एकटीच शेलूबाजारले युसूफचाचांच्या गॅरेजवर गेले. तीस वर्षं डिझेल गाड्याच खोलतात. म्हणाले, "जुनी बिघडली तं वावरात पाना घेऊन कोनीबी दुरुस्त करते. नवीले लॅपटॉप लागते, बेटा. पन वजन ओढायले नवीच! फक्त स्टिअरिंगसमोरच्या दिव्यांवर नजर पायजे. लाल लागला की थांबाचं."

घरी सांगितलं तर बाबा अर्ध्या ताटावरून उठले. उठू देत!

९ नोव्हेंबर
अजून बोलत नाहीत. मीही नाही.

१२ नोव्हेंबर
गावातले हेमसिंगभाऊ त्यांची पिकअप विकून राह्यले. तीन वर्षं वापरलेली — आपल्याले नवीच. एका दिवसासाठी मागून आणली. तेच पाइप, तीच ट्रॉली, तोच चढ. म्हटलं, "बाबा, तुमीच चालवा. अन् मंग नाई म्हना." आढेवेढे घेत बसले एकदाचे.

अन् चढली की! तिसऱ्या गिअरमध्ये, न थांबता. मी तर टाळ्याच पिटल्या.

वर पोचलो तर समोर लाल दिवा. इंजिन तापलेलं. "बाबा, दिवा!" "कोनता दिवा?" अन् चालवतच राह्यले! मी ओरडले तेव्हा थांबले. पाण्याचा पाइप सैल झाला होता, दोन मिनिटांचं काम. अजून कोसभर गेलो असतो तर इंजिनच गेलं असतं.

मुद्दाम केलं! गाडी नापास करायले मुद्दाम! लोकाची गाडी, अन् असा हट्ट? इतका राग मले बाबांचा कधीच आला नव्हता. गाडी तर मी घेणारच.

१३ नोव्हेंबर
सकाळी भांडायलेच गेले. बाबा ओट्यावर बसले होते. माझं ऐकून घेतलं सारं. मग म्हणाले, "वैजू, दिवा मले दिसलाच नाई वं. दोन वर्सं झाली, सारं धूसर हाये. रस्ते पाठ हायेत. जुनी आवाजावरून समजते मले."

जुनीची चावी त्यांनीच माझ्या हातात ठेवली.

दोन वर्षं! अन् मी रोज त्यांच्या बाजूले बसून मोबाइलवर नव्या गाड्या पाहत होते.