कोराडी तलावावरची लालसरी

१२ जानेवारी

काय रंग बाई! मले वाटलं, कोण्या मेल्यानं बदक रंगवून सोडलं — सीताबर्डीत गुलाबी-हिरवी कोंबडीची पिल्लं विकतात ना, तसं. शेंदरी डोकं, लालभडक चोच, काळीभोर छाती! पायल पोट धरून हसली. "आई, रंगवलं नाही वं! मोठी लालसरी आहे. पार मध्य आशियातून येते." इथं, कोराडीत! वाळत घातलेली चादर वीजकेंद्राच्या राखेनं करडी होते, त्या गावात!

१३ जानेवारी

मादी साधी, तपकिरी. नर बुडी मारतो, तळातलं शेवाळ चोचीत आणून तिच्यापुढे धरतो. अन् ती खाते! घरी येऊन प्रशिकले सांगितलं. "मग मी चहा ठेवू का?" म्हणे नवरा. ठेवला पण. साखर विसरला.

२ फेब्रुवारी

एक मार्चले पायल अठराची होते. प्रशिक म्हणतो, "त्याच्या आत सांगून टाक. बाहेरून कळलं तर?"

चार महिन्यांची होती, शिशुगृहातून आणली तेव्हा. दत्तकाचा कोर्टाचा कागद याच वहीच्या पुठ्ठ्याआड आहे. दरवर्षी वही बदलते, कागद नव्या वहीत जातो. माझी जीभ काही रेटत नाही.

९ फेब्रुवारी

आज तलावावर सांगणारच होती. तेवढ्यात पायल म्हणाली, "लालसरीची मादी कधीकधी दुसऱ्या बदकाच्या घरट्यात अंडी घालते. मग ती दुसरीच उबवते, पिल्लंही तीच सांभाळते." मी दुर्बीण डोळ्यांले लावली अन् विचारलं,

"पिल्लांले कळत असंल का वं?"

"काय माहीत. तिच्याच मागं पोहतात."

पुढं बोलायचा धीर झाला नाही. एक नंबरची भेकड आहे मी! पायलले काठावर मादीचं तपकिरी पीस सापडलं. "शेंदरी शोध ना," मी म्हटलं. "नाही, मले हेच पाहिजे."

२७ फेब्रुवारी

लालसऱ्या गेल्या. एवढीशी पाखरं, हजारो किलोमीटर, डोंगरांवरून! अन् मले स्वैपाकघरातून पायलच्या खोलीपर्यंत जाववत नाही.

१ मार्च

खीर झाली. ठरवलं — बोलता येत नाही तर कागदच तिच्या हातात द्यायचा. पुठ्ठा उघडला.

कागदाच्या घडीत ते तपकिरी पीस!

रडू आवरून नाही राहिलं. बाहेरून पायल हाका मारून राहिली — "आई वं, ये ना! तुझ्याशिवाय कोणी खीर खाऊन नाही राहिलं!"