अकरा ट्रकांचा कागद

नांत, १२ मार्च

प्रिय बाबा,

गुडघा कसा आहे? आई म्हणाली, तू हल्ली बंदराकडे फिरकत नाहीस, कोबीचे गड्डे निरखत बसतोस. मी मजेत आहे. कुट्टूची घावनं करायला शिकले. पहिली चार तव्यालाच चिकटली.

मुद्दाम लांबण लावतेय, हे तुला कळलंच असेल.

शुक्रवारच्या मासळीबद्दल लिहायचं आहे. अठ्ठावन्न टन माल तू वर्षानुवर्षं अकरा ट्रकांत बसवलास. मग मी बंदरावरच्या सहकारी संस्थेसाठी या भरणीचं संगणकावर मॉडेल केलं. आमच्या कामात भरायचं कसं ते सांगायचं नसतं, फक्त अटी लिहायच्या: ट्रकमागे सहा टन, शिंपले आणि खेकडे वेगळे, पहिला ट्रक जुन्या पुलावरून जातो म्हणून त्यात पाचच. अटी पाळणारी मांडणी संगणक शोधतो. नसेलच तर तसं ठाम सांगतो.

त्याने ठाम सांगितलं, अकरात बसणं अशक्य. बारा हवेत.

आणि संस्थेचे अध्यक्ष केरवेर्न भर सभेत म्हणाले, "म्हणजे हा गडी इतकी वर्षं पुलावर जादा वजन नेत होता!"

तू माझ्याकडे बघून म्हणालास, "पोरी, तुझं यंत्र कधी धक्क्यावर आलंय का?" लोक हसले. मला तुझीच लाज वाटली. पुढच्या आठवड्यात तुझ्या हातातून भरणीचं काम गेलं, आणि तेव्हापासून आपण बोललेलो नाही.

बाबा, चूक माझी होती. सगळे ट्रक सारखे, म्हणून संगणक तीच मांडणी ट्रकांचे क्रमांक बदलून पुन्हा पुन्हा तपासत बसतो. ते टाळायला आम्ही एक ओळ घालतो: पहिला सर्वांत जड, मग उतरत्या क्रमाने. मीही घातली. पुलाची अट नंतर आली, तीही निमूट लिहिली. पहिला पाच टनांचा आणि तोच सर्वांत जड! म्हणजे एकाही ट्रकात पाचाच्या वर जाईना. अकरा पंचे पंचावन्न. तुझे तीन टन मी हवेतच ठेवले होते. शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं.

मंगळवारी ती ओळ काढली आणि आईने पाठवलेला तुझा भरणीचा कागद, पेन्सिलीने लिहिलेला, जसाच्या तसा आत टाकला. एकही अट मोडली नाही. पुलावरच्या ट्रकात चार टन आठशे किलो.

केरवेर्नना फोन केला. ते म्हणाले, "झालं गेलं. आता कशाला उकरून काढतेस? अहवालावर 'सुधारित आवृत्ती' लिही आणि मोकळी हो."

मी म्हटलं, "खोटा ठरवलात तो माझा बाप आहे. मी मोकळी होणार नाही, आणि तुम्हालाही होऊ देणार नाही."

"संस्थेचं काम पुन्हा मिळायचं नाही हां!"

"नका देऊ."

तू म्हणशील, जाऊ दे पोरी. नाही जाऊ देणार. सोमवारी सकाळी सातला, लिलाव सुरू व्हायच्या आधी, धक्क्यावर सगळ्यांसमोर दोन्ही कागद वाचणार आहे, माझा चुकलेला आणि तुझा बरोबर आलेला. कोणी माइक काढून घेतला तर ओरडून वाचीन. आवाज तुझाच आहे.

एक मात्र सांगून ठेवते: यंत्राला शिव्या द्यायच्या नाहीत. त्याने मी लिहिलं तेच केलं. शिव्या मला दे, समोर उभा राहून दे. त्यासाठी तरी सोमवारी ये. नाही आलास तरी मी वाचणारच.

तुझ्यावर खोटा आळ आणणारी आणि तो चारचौघांत स्वतःच्या तोंडाने पुसणारी
तुझी मुलगी,
एनोरा