बुचाला चिकटलेली साय

प्रिय ठमे,

तुझे पत्र मिळाले. वकील झालीस, तरी स्वल्पविराम कुठे द्यावा हे तुला उमगलेले नाही; असो. भेसळीचा आरोप असलेल्या दूधवाल्या बाईंचा खटला तू दुसऱ्या वकिलाकडे सोपवणार आहेस, कारण प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर सही माझी आहे. तुझी आई म्हणाली, पोरीने बापाची अब्रू राखली, आता तरी कपाळावरच्या आठ्या काढा. त्या काही निघाल्या नाहीत.

तू शाळेतून थेट प्रयोगशाळेत यायचीस, ते दिवस आठव. बाटली कोमट पाण्यात ठेवून, हलकेच उलटीसुलटी करून, साय पुरती मिसळल्यावाचून मी नमुना तपासायला घेत नसे. दुधाला आंघोळ किती वेळ घालणार, असे तू कुरकुरायचीस. तीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला. निवृत्तीचा आठवडा होता, पाणी तापवण्याचे यंत्र बिघडले होते आणि टेबलावर अकरा बाटल्या होत्या. माझ्यामागे काम तुंबलेले राहिले, असे कोणी म्हटलेले मला खपले नसते. मी दूध थंडच घेतले. त्यातल्या या बाईंच्या बाटलीत साय बुचाला चिकटलेली मला दिसत होती. स्निग्धांश कमी भरला, आणि मी सुवाच्य अक्षरांत ‘भेसळयुक्त’ असे लिहिले.

बाईंनी नमुन्याचा राखून ठेवलेला दुसरा भाग फेरतपासणीसाठी वरिष्ठ प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अर्ज वेळेत केला होता. पण तोवर तो नासला, हे तुझ्याच पत्रातून कळले. म्हणजे त्यांना तुरुंगात धाडायला माझा एक कागद पुरेसा आहे. प्रमाणपत्रात केवळ निष्कर्ष असतो. दूध कसे घेतले, ते प्रयोगशाळेच्या कच्च्या वहीत असते. तिथे मी खरे तेच लिहिले आहे: ‘नमुना न तापवता घेतला.’ ती वही आजवर कोणी मागितली नाही, आणि मीही गप्प बसलो.

आज सकाळी मी न्यायालयाला लेखी कळवले, प्रत सरकारी वकिलांना दिली: ती वही मागवावी आणि मला साक्षीला बोलवावे. तुझ्या आईला वाचून दाखवले, तेव्हा तिने माझा पांढरा सदरा इस्त्रीला काढला. हे पत्र एवढ्यासाठीच, की तू वकीलपत्र सोडू नकोस. उलटतपासणी तूच घे. माझी खोड जितकी तुला ठाऊक आहे, तितकी दुसऱ्या कोणालाही नाही. उत्तर देताना माझा आवाज अडखळला, तर पाण्याचा पेला पुढे करू नकोस. सरळ पुढचा प्रश्न विचार.

तुझाच,
बाबा