मूळव्याधीची अंगठी

मंगळवार, संध्याकाळ. वाशीम.

आईचे अहवाल आले. गुदाशयाचा कर्करोग आहे, पण सुरुवातीचा. शस्त्रक्रियेने बरा होण्यासारखा. जिंकले मी.

शौचातून रक्त जायचं, पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. हिमोग्लोबिन मीच आमच्या लॅबमध्ये तपासलं, घसरलं होतं. तरी घरात सगळ्यांनी मूळव्याधच ठरवलेली. बाबांनी त्यावरची तांब्याची अंगठी आणली. मी दुर्बिणीची तपासणी करू म्हटलं, की आई बोट नाचवून म्हणायची, "फरक पडून राह्यला न, मंग दुर्बीण कायले?"

अंगठी काढ म्हटलं असतं, तर आली असती का? मी म्हटलं, "अंगठी राहू दे, दुर्बिणीनंही पाहू."

आज डॉक्टर म्हणाले, "उशीर केला असता, तर आतडं बंद पडलं असतं." ऑटो घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "पोरी, कामरगावच्या तुह्या काकाले बी रक्त जाते. कधी आणू त्याले?"

"उद्या."